मायचा तांब्या

पूर्णा पोहून झाली, बडनेऱ्यापर्यंत सायकल हाणून झाली, आता अमरावतीपर्यंत धावायचं तेवढं उरलं होतं आणि शर्यतीत सुखदेव सगळ्यांच्या पुढं होता. बाभळीखाली त्याची माय पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मागून वकिलाचा चिंतामण धापा टाकत आला. पाणी घेऊन येणारी त्याच्या माणसांची जीप वाटेत बंद पडली होती. “मावशी, घोटभर पाणी द्या.” मायनं तांब्या पुढं केला, पण सुखदेवनं हिसकावला. “असा नाई. खाली बस. ओंजळ धर.” शाळेच्या माठाला सुखदेवचा हात लागू नये म्हणून हाच चिंतामण वरून पाणी ओतायचा आणि हसत निम्मं मातीत सांडायचा. चिंतामण गुडघ्यांवर बसला. सुखदेव उंचावरून धार सोडू लागला, निम्मी मातीत. तिसरा गडी दोघांना ओलांडून गेला. “पय ना, पोरा!” माय ओरडली. “थांब, माय. तांब्यात पाणी हाये अजून.”