अडुसष्ट सालची दहा नाणी

"आता माझं डोकं फिरवू नकोस," डारिया म्हणाली आणि तिने विक्रीचे कागद काउंटरवर आपटले.

ओरेस्ट तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. हल्ली भांडतानाही तो असाच बघायचा, जणू कालच लग्न झालंय. तिला त्याचाही वैताग यायचा.

कॅनडातल्या यॉर्कटन गावातलं हे जुन्या नाण्यांचं दुकान विकून कॅलगरीला लेकीकडे राहायला जायचं, असा तिचा हट्ट होता. नवऱ्याला ऐकू येईनासं झालंय, हे एवढंच कारण. फोन वाजून वाजून बंद पडतो, गिऱ्हाईक हाका मारून निघून जातं, याला पत्ता नसतो. कान तपासून घे म्हटलं की एकच उत्तर: "चांदी कानाने ओळखतो मी. माझे कान कोण तपासणार?"

चाळीस वर्षं हे ऐकून तिचेच कान किटले होते.

"मग ओळखून दाखव," ती म्हणाली. "दहाच्या दहा बरोबर आली, तर हे कागद फाडते. एक जरी चुकलं, तर मुकाट्याने सही करायची."

तिने अडुसष्ट सालची पंचवीस सेंटची दहा नाणी निवडली. त्या साली आधी निम्म्या चांदीची नाणी निघाली, मग निकेलची. दोन्हींवर तेच हरीण, तोच आकार; वजनात चिमूटभर मिठाएवढा फरक. निकेल चुंबकाला चिकटतं, चांदी नाही. चुंबक तिने स्वतःकडे ठेवला.

"रंगावरून ओळखशील तू. डोळ्यांवर रुमाल बांध."

इथे मात्र तो अडखळला. "रुमाल कशाला?"

"का? ऐकायला डोळे लागतात?"

त्याने निमूटपणे बांधून घेतला.

ती एकेक नाणं त्याच्या तळहातावर ठेवत गेली. तो ते क्षणभर धरायचा, मग काउंटरवर टाकायचा, मान तिरकी करायचा आणि सांगायचा. चांदी. निकेल. निकेल. चांदी. ती चुंबक लावून बघायची आणि दर खेपेला तिचा पारा आणखी चढायचा.

दहावंही बरोबर निघालं.

डारिया मटकन स्टुलावर बसली. हरली होती, तरी कित्येक महिन्यांनी तिला हलकं वाटलं. म्हातारा खरंच बोलत होता. आपणच उगाच त्याच्या मागे लागलो. तिने कागद टराटरा फाडले.

"जिंकलास बाबा," ती म्हणाली. "सगळी बरोबर. सोड तो रुमाल."

ओरेस्ट तसाच डोळे बांधून, हात मांडीवर ठेवून बसला होता. थोड्या वेळाने तो वैतागला.

"अगं, गप्प का बसलीस? सांग की, किती चुकली?"