ताप उतरेपर्यंत

“व्हॉल्व्हचा रेडिओ भट्टीसारखा तापतो, काका. वर कापड घालायचं नाही,” मेकॅनिकने दोनदा बजावलं होतं. म्हाताऱ्याने दुरुस्त झालेला रेडिओ घरी आणून भिंतीपासून वीतभर लांब ठेवला, बटण फिरवलं आणि मिनिटभराने गाणं उमटलं. बायको हरखली. दृष्टी जाण्याआधी विणलेला शेवटचा क्रोशाचा रुमाल तिने पेटीतून काढला आणि चाचपडत रेडिओवर पसरू लागली. “अगं, पेट घेईल तो!” त्याने तिचा हात धरला. ती एकदम हिरमुसली. “राहू द्या. हल्ली माझी सगळीकडे अडचणच होते.” गाणं संपल्यावर त्याने प्लग काढला आणि तिचा तळवा अलगद रेडिओवर टेकवला. “बघ कसा फणफणलाय. ताप उतरला की तूच पांघरूण घाल.” अर्धा तास ती तशीच बसली. मग तिने रुमाल पसरला. “चहा टाकू?” त्याने विचारलं. “हळू बोला. झोपलाय.”