तीन ठोके

आमच्या ह्यांनी गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलंय. भेटेल त्याला उडायची तारीख सांगतात, आणि ती टळली की पुढची.

पंखाचे पत्रे जोडणारी रिव्हेटं मारायला दोघं लागतात. हे बाहेरून ठोकायची गन चालवतात, मी आत हात घालून रिव्हेटच्या मागे पोलादी ठोकळा दाबून धरते. कानात बोळे, त्यामुळे आतून माझं बोलणं ठोकळ्याच्या ठोक्यांवर. एक ठोका म्हणजे रिव्हेट नीट बसलं, तीन म्हणजे बिघडलं, काढा.

पंख पुरा झाला की हे उडणार, या विचाराने माझ्या जिवाला घोर. म्हणून वर्षभर मी चांगल्या रिव्हेटांनाही तीन ठोके देत आले. हे निमूट ड्रिल लावून काढायचे, तुकडे डब्यात टाकायचे.

आज शेवटचं रिव्हेट होतं. खोटेपणाचा मलाच वीट आला होता. मी एकच ठोका दिला.

मग बोळे काढून हे वाकून आत डोकावले. "नीट बघितलंस ना? परत बघ जरा."

"बसलंय हो. आणि खरं सांगू? आधीचीही बसली होती. मी मुद्दाम तीन ठोके द्यायचे."

"ठाऊक आहे. डब्यातला तुकडा न् तुकडा मापलाय मी."

"मग काढत कशाला होतात?"

ह्यांनी गन खाली ठेवली आणि तळहाताचा घाम पँटला पुसला.

"अगं, तुझ्या तीन ठोक्यांच्या जिवावर तर बिनधास्त तारखा देत होतो मी."