चौथा भिक्खू

"चार भिक्खूंशिवाय संघाचा ठराव वैध होत नाही, ताई," धाकटे भन्ते म्हणाले आणि म्हातारपणी भिक्खू झालेल्या माझ्या बाबांची खाट उचलायला वाकले.

"न्यूमोनिया आहे त्यांना. नुसती संमती कळवली तर?"

"संमती चालते. पण चौघांत ती मोजत नाहीत."

विहारामागे संघाच्या सभेची हद्द दाखवणारे सीमेचे दगड होते. खाट त्यांच्या आत गेली. मी संघातली नव्हते, म्हणून मला बाहेर थांबवलं. कोठीची किल्ली कुणाकडे ठेवायची, एवढाच ठराव होता. तो वाचून दाखवला. बाबा कुडकुडत गप्प राहिले. संघात मौन म्हणजे संमती. आमच्या घरी मात्र बाबांचं मौन म्हणजे नकार असायचा. हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी बाबा गेले. भिक्खूंच्या नियमांच्या त्यांच्या पुस्तकात एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ सापडली. फार आजारी भिक्खूला हलवू नये, संघानं त्याच्यापाशी जावं.

आदरांजलीच्या सभेत धाकटे भन्ते म्हणाले, "ते आपणहून आले होते. हो ना, ताई?"

मी गप्प राहिले. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं बोलू लागले.