अर्ध्या 'श'चा आजार

कोरोनाचं पहिलं लक्षण ऐकून रोगी जगेल की नाही हे सांगणारं यंत्र म्हणजे मानवी बुद्धीचा कळस होता. या कळसाला मराठी मात्र बेताचीच कळे.

रुग्णालयाच्या बंद दाराशी दिगंबर खटावकर धापा टाकत यंत्राला म्हणाले, "...वास घेता येत नाही."

"फक्त वास गेला आहे. आजार सौम्य. दार उघडणार नाही. घरी जा."

"अहो, श्वास म्हणा, श्वास!" सुलभाताई नवऱ्याला गदागदा हलवत ओरडल्या.

खटावकरांचे ओठ निळे पडले होते. 'श'पुरतीही हवा उरली नव्हती. "...वास."

"मी सांगतेय ना मेल्या, श्वास!"

"उत्तर रुग्णानेच द्यावे. लवकर बरे व्हा."

सुलभाताईंनी दारावर खांदा आपटला. दार उघडलं.

त्याचं कुलूप गणपतीपासून बिघडलेलं होतं.