नऊ बोटं माया

बोचकी बांधून झाली होती. गाद्यांची वळकटी दाराशी, तिच्यावर भांड्यांचं खोकं आणि सगळ्यांत वर दोन उशा. एकीला पिवळा अभ्रा, दुसरी उघडीच. शिंप्याने दुसऱ्या अभ्र्याचं विचारलं, तेव्हा विरला, एवढंच सांगून बायकोने विषय संपवला. मशीन तेवढं अजून जागच्या जागी होतं. आज लेकीचा सोळावा वाढदिवस, आणि फ्रॉक उसवायचा राहिला होता.

फ्रॉकही पिवळाच, त्याच ताग्यातला. लेकीच्या सातव्या वाढदिवसासाठी शिवलेला. कपडा पुढे वाढवता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. शहाणा शिंपी दोन बोटं माया ठेवतो. याने घेराला नऊ बोटं ठेवली. शेवटी बापच तो. फ्रॉक शिवलास की गादी, म्हणून शेजारच्या न्हाव्याने टर उडवली. लेकीने अंगात घालून एक गिरकी मारली आणि खाली जड लागतंय म्हणून कुरकुरली. मग वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, समोरच्या बसथांब्यावर, शहरातून परतणाऱ्या गर्दीत तिचा हात आईच्या हातातून सुटला. तो सुटला तो सुटलाच.

त्याला आता नऊ वर्षं झाली. या उपनगराचं काय, सकाळी सहाला ओस पडतं आणि संध्याकाळी सातला तुडुंब भरतं. सगळे कामाला शहरात, झोपायला इथे. शिंपी रोज सातला मशीन थांबवतो आणि बसमधून उतरणारा एकेक चेहरा बघतो. दुकानाची पाटी त्याने पुन्हा रंगवलेली नाही. पोर त्या पाटीवरच अक्षरं लावायला शिकली होती. अक्षरांचं वळण बदललं तर ती दुकान ओळखायची नाही, असं त्याने डोक्यात घेतलंय. लोक चांगले आहेत, पाटीबद्दल कोणी बोलत नाही.

बायकोच्या छातीला मात्र इथली हवा बाधली. धूळ, धूर आणि रात्रभर खोकला. तिच्या थोरल्या भावाचं समुद्रकाठी एक घर आहे, रिकामं. अकरा घरांची वस्ती, वस्तीपाशीच संपणारा रस्ता, बाकी लाटांचा आवाज. एकदा ती तिथे चार दिवस राहून आली आणि चारही रात्री गाढ झोपली. डॉक्टरही तेच म्हणाले, हवा बदला. मग तिने नवऱ्याच्या मागे धोशाच लावला. तो म्हणायचा, तिथे उतरतंय कोण? चुकलेलं माणूससुद्धा तिथवर पोचायचं नाही. असं रोजचं चालायचं. शेवटी एकदा वैतागून त्याच्या तोंडून शब्द गेला.

"फ्रॉकातली माया संपेपर्यंत थांब. मग तू म्हणशील तिथे जाऊ."

दर वाढदिवसाला तो एक बोट माया सोडायचा. तिने तो शब्द घट्ट धरून ठेवला. भावालाही हे ठाऊक होतं. दरवर्षी या दिवशी पाच वाजता त्याचा फोन यायचा आणि तो एकच गोष्ट विचारायचा, किती बोटं राहिली?

आज शेवटचं बोट. भिंतींना चुना काढून घेतलाय, किल्ली शेजारी ठेवलीय, असं भावाने कालच कळवलं होतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना शिंप्याने फ्रॉक मांडीवर घेतला आणि ब्लेडने टाके उसवायला लागला. त्याला भीती वाटत होती आणि ती लपवायला तो उगाच बडबडत होता. म्हणे, तिकडे गिऱ्हाईक कुठलं, मासे काय सदरे शिवून घेणार? एरवी अशा बोलण्यावर ती एखादा टोमणा तरी मारायची. आज भिंतीला टेकून, तोंडावर रुमाल धरून नुसती बसली होती.

शेवटचा टाका तुटला. कापड खाली ओघळलं, आणि ओघळतच राहिलं.

त्याने घेर उलटा केला. नऊ बोटं जिथे संपायला हवी होती, तिथे पुढे एक पट्टी जोडलेली होती. तोच पिवळा रंग, पण धुऊन धुऊन मऊ पडलेला. शिलाई हातची. टाके सगळे उलट्या अंगाला कललेले. घरात डावखुरं माणूस एकच होतं. त्याने उघड्या उशीकडे बघितलं. मग पट्टीवर बोटं ठेवून मोजलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं.

"अगं, हे..."

"गप्प बसा," ती म्हणाली. तिला खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत तिने दम धरला. "हात माझ्याच हातातून सुटला होता ना."

नऊ वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. शिंप्याला रडू फुटलं. रडतारडताच तो सुईत दोरा ओवायला लागला.

फोन वाजला. तिने उठून तो कानाला लावला. पलीकडून दरवर्षीचाच प्रश्न आला. ती दारातून रिकाम्या बसथांब्याकडे बघत होती.

"चार, दादा."