कोकोच्या ओळखीनं

नदीकाठी नवं मार्केट झालं. दुकानं, हॉटेलं आणि दारात पाटी : 'आपल्या लाडक्या कुत्र्यांचं इथे मनापासून स्वागत आहे.' शालन रोज संध्याकाळी मॅडमच्या कोकोला तिथं फिरवायची. वॉचमन हसून फाटक उघडायचा, कोकोला पाणीसुद्धा ठेवायचा.

रविवारी सासू म्हणाली, "मलाही ने की गं. उभा जन्म त्या घाटावर लोकांची धुणी धुतली. आता काय केलंय तिथं, बघू तरी दे." ठेवणीतलं लुगडं नेसून म्हातारी निघाली.

फाटकात त्याच वॉचमननं दोघींना अडवलं. "काय काम आहे? नुसतं बसायला यायची जागा नाही ही, मावशी." कोको बरोबर नव्हता, तर त्यानं शालनला ओळखलंसुद्धा नाही.

सासूला फुटपाथवर बसवून शालन मॅडमच्या फ्लॅटवर गेली आणि कोकोला घेऊन आली. वॉचमन हसला. फाटक उघडलं.

आत पाऊल टाकताना सासू तिच्या कानाशी पुटपुटली,

"पट्टा घट्ट धर गं. हा सुटला, तर आपल्याला हाकलतील."